मुरी ओळखावी कशी, सांभाळावी कशी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



परवा इथे हरिपाठावर व्याख्यान झालं, काल गुडघेदुखीवर झालं, आज आमच्या वाट्याला मासे आले आहेत. कार्यकर्त्यांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही "मुऱ्या" म्हणालो. पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "मोऱ्या? म्हणजे नगरपालिकेच्या?" म्हणून सुरुवातीलाच सांगतो. मोरी नाही, मुरी. ओढ्याच्या तळाशी वाळूत राहणारा बोटभर लांबीचा, मिशा असलेला मासा. दुकानात तिच्या भाऊबंदांना 'लोच' म्हणतात. आणि हेही सांगून टाकतो की आजची गोष्ट मासे पाळण्याची आहे, खाण्याची नाही. म्हणजे गणपतीपुढे हे काय काढलं, असं वाटून पहिल्या रांगेतल्या आजी उठून जाणार नाहीत.

आम्ही दोघं नवरा-बायको. एक बँकेत, एक शाळेत. माशांचं शास्त्र आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही. जे शिकलो ते मासे मारून शिकलो, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. त्या चुका तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून हे बोलणं.

सहा वर्षांपूर्वी धाकट्याच्या वाढदिवसाला हैदराबादहून दोन फुटांची काचपेटी आणली. सोबत नारिंगी रंगावर तीन काळे पट्टे असलेले चार मासे. दुकानदार म्हणाला, "टायगर लोच आहे, तळ साफ ठेवतो, काही बघावं लागत नाही." आम्ही निर्धास्त झालो. घरी आणल्यावर पहिल्याच रात्री एक मासा आडवा पडला. धाकटा रडत उठवायला आला. आम्ही बोट लावलं तर मासा टुणकन उठून पळाला. या जातीला कुशीवर झोपायची सवय असते, हे पुढे कळलं. तेवढा एकच प्रसंग हसण्यासारखा. आठव्या दिवशी अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले. दुकानदाराला फोन केला, त्याने निळं औषध सांगितलं, बाटलीवर लिहिलेली पूर्ण मात्रा आम्ही टाकली. वर कोणीतरी सांगितलं म्हणून मूठभर मीठ. दोन रात्रींत चारही गेले. धाकट्याने पेटीवर टॉवेल टाकला आणि तो महिनाभर काढू दिला नाही.

त्या माशांचं नाव क्लाउन लोच. सुमात्रा-बोर्निओच्या नद्यांतला मासा. दुकानात दीड-दोन इंचांचा असतो, पण नीट सांभाळला तर फूटभर होतो आणि वीस वर्षंही जगतो. आम्ही त्याला दोन फुटांच्या पेटीत ठेवला होता. म्हणजे म्हशीचं रेडकू न्हाणीघरात बांधलं होतं. शिवाय लोचच्या अंगावरचे खवले अगदी बारीक आणि कातडीत रुतलेले असतात. रोहूसारखं चिलखत त्याला नाही. त्यामुळे औषध आणि मीठ त्याला इतर माशांपेक्षा लवकर बाधतं. बाटलीवरची मात्रा गप्पी-मॉलीसाठी असते. लोचला निम्म्या मात्रेने सुरुवात करावी, हवेचा पंप वाढवावा आणि वाट बघावी. एवढं कोणी सांगितलं असतं तर चारातले दोन तरी वाचले असते. पण खरी चूक औषधाची नव्हती. काय आणतोय हे न ओळखता आणलं, ही होती.

पुढच्या पावसाळ्यात, गौरींच्या आधी, मुलं गावाबाहेरच्या ओढ्यावरून पाण्याच्या बाटलीत पाच मासे घेऊन आली. मातकट, बारीक, मिशाळ. आम्ही म्हणालो, "हे कुठलं घाणीतलं आणलंत, सोडून या." तेव्हा गौरींसाठी आमच्या आत्याबाई आल्या होत्या. त्यांचं माहेर आमचंच घर आणि सासर निलंगा तालुक्यात, तेरणेच्या काठी. त्यांनी चष्मा वर केला, बाटली उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अरे, ही तर मुरी हाय की! आमी पोरी फडक्यात धरायचो. ओढा आटत आला की वाळूत हात घातला की लागतीच." मग त्या तासभर बाटलीपाशी बसल्या. ओढ्यात कपडे धुताना पायाला मुरी कशी गुदगुल्या करायची, हे त्यांनी मुलांना सांगितलं. टॉवेल त्या दिवशी निघाला.

आता इथे थोडं विषयांतर करतो, पण ते आपल्या भाषेचं आहे. विल्यम हेन्री साईक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी 1824 ते 1831 या काळात मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची माहिती गोळा करत फिरला. जमीन, पिकं, लोकसंख्या, पक्षी आणि मासेही. 1839 साली त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं लंडनमध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा कित्येक माशांना त्याने लोकांच्या तोंडची मराठी नावंच शास्त्रीय नावं म्हणून दिली. शिंगटीचं 'सींगटी', मळ्याचं 'मुल्या', बोगटचं 'बोग्गट', नुक्ता तर जसाच्या तसा 'नुक्ता'. आणि मुरीचं 'मुरेह'. आज जगात कुठेही या माशाचं नाव लिहायचं झालं तर 'पॅराकँथोकोबायटिस मुरेह' असं लिहितात. पहिला शब्द उच्चारताना जीभ अडखळते, पण दुसरा आत्याबाईंचा आहे. त्या भीमा-गोदावरीच्या काठच्या भोयांनी गोऱ्या साहेबाला हा मासा दाखवून नाव सांगितलं असणार. नाव सांगणाऱ्याचं नाव मात्र कुठे राहिलं नाही.

आणि मासे ओळखण्याची परंपरा म्हणाल तर ती आपल्या शेजारचीच आहे. बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांचं कल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने 1129च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ केला. त्यात आलेल्या जुन्या मराठी पदांमुळे मराठीच्या अभ्यासकांना तो माहीत आहे. पण त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे. तिसांहून अधिक जातींचे मासे, समुद्रातले कोणते आणि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, कोणत्याला कोणतं आमिष लावायचं, असं सगळं त्यात आहे. या प्रकरणावर 1951 साली डॉ. सुंदरलाल होरा यांनी लेख लिहिला. होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक आणि योगायोग असा की डोंगरी ओढ्यातल्या माशांचे, मुरीच्या सोयऱ्यांचे, जगन्मान्य जाणकार. म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं पुस्तक आणि आपल्या ओढ्यातला मासा, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर गेले होते.

असो. आता ओळख कशी करायची ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मासा हातात धरून काही कळत नाही. सपाट बाजूंची पारदर्शक प्लॅस्टिकची डबी घ्या, त्यात दोन बोटं पाणी, त्यात मासा, आणि बाजूने टॉर्च. आधी तो लोच आहे का हेच बघा. पुष्कळदा वामचं पिल्लू मुरी म्हणून घरी येतं. वामचं तोंड टोकदार, सोंडेसारखं असतं आणि पाठीवर बारीक काट्यांची ओळ असते. ते मोठं झालं की बाकीचे मासे खातं. शिंगट्याच्या पिल्लाच्या मिशा लांबलचक असतात, पोटापर्यंत जातात. पाठीवर शेपटीकडे एक मऊ, मांसल पर असतो, आणि पुढच्या परातला काटा हाताला लागला की चांगला ठणका बसतो. दुकानात 'अल्गी ईटर' म्हणून येणारा मासा काचेला तोंड चिकटवून बसतो, पण त्याला मिशाच नसतात. आणि 'सकर' म्हणून जो काळा, चिलखती मासा विकतात तो दक्षिण अमेरिकेतला. त्याच्याबद्दल पुढे बोलतो.

लोच आहे हे नक्की झालं की मिशा मोजा. वरच्या ओठाकडे आणि तोंडाच्या कोपऱ्यांत मिळून तीन जोड्या दिसल्या तर बहुधा आपल्या ओढ्याकडची. खालच्या ओठालाही आणखी एक जोडी, म्हणजे चार जोड्या असल्या, तर तो 'बोटिया' गटातला. पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोच त्यातलाच. क्लाउन लोचही त्याच कुळातला.

मग डोळ्याखाली बघा. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याची किंमत आम्ही भरली. काही जातींच्या डोळ्याखाली एक बारीक दुभंगलेला काटा असतो. मासा निवांत असला की तो खाचेत मिटलेला असतो, घाबरला की उभा राहतो. आत्याबाई ज्यांना सरसकट मुरी म्हणत होत्या त्या दोन वेगळ्या कुळांतल्या निघाल्या. एक काट्याची. तिचं शास्त्रीय नाव 'लेपिडोसेफॅलिक्थिस'. वाळूच्या रंगाची, सडपातळ, अंगाच्या बाजूने ठिपक्यांची ओळ. तिच्या एका जातीला 'थर्मॅलिस' म्हणतात, कारण तिचं पहिलं वर्णन श्रीलंकेतल्या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या माशांवरून झालं. नर ओळखणं सोपं आहे. त्याच्या छातीच्या परात आतल्या बाजूला दोन किरण एकत्र येऊन जाड, ताठ पट्टी झालेली असते. मादीला ती नसते.

दुसरी बिनकाट्याची, म्हणजे साईक्सची 'मुरेह'. अंगावर आडवे तुटक पट्टे, झिपर लावल्यासारखे. इंग्रजीत तिला झिपर लोचच म्हणतात. पाठीचा पर लांब, आणि शेपटीच्या मुळाशी, वरच्या अंगाला, काजळाच्या तिटेसारखा काळा ठिपका. एकदा तो ठिपका बघितला की पुन्हा चूक होत नाही.

तिसरी एक पुण्याकडची आहे, 'एवेझार्डी'. फ्रान्सिस डे या इंग्रज मत्स्यतज्ज्ञाने 1872 साली पुण्याच्या माशांवरून तिचं वर्णन केलं. तिचे सोयरे बस्तरमधल्या कोटुमसर गुहेत, अंधारात, डोळे जवळजवळ गमावून राहतात. बालगोपाळांना हे आवडेल म्हणून सांगितलं. आमच्या पेटीत ती कधी आली नाही.

आता किंमत कसली भरली ते. आम्ही त्या पाच मुऱ्या एकाच पेटीत ठेवल्या होत्या. दोन काट्याच्या, तीन झिपरच्या. हिवाळाभर सगळ्या मजेत. आम्हाला वाटलं, जमलं. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली ती रात्री आली. आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे. खोलीतलं पाणी 33 अंशांपर्यंत गेलं, हवेचा पंप बंद, फिल्टर बंद. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर तो 7.5 च्या आसपास येतो. म्हणजे पाणी तापलं की श्वास कमी, आणि तेव्हाच माशाला जास्त लागतो. आम्ही बँकेत आणि शाळेत. संध्याकाळी आलो तेव्हा तिन्ही झिपर गेल्या होत्या. काट्याच्या दोन्ही जिवंत. दर मिनिटा-दोन मिनिटांनी पृष्ठभागावर झेप घ्यायच्या, हवेचा घोट गिळायच्या आणि परत वाळूत. ही मुरी गिळलेल्या हवेतला प्राणवायू आतड्यातून घेते. म्हणून साचलेल्या, गढूळ डबक्यातही ती तग धरते. झिपरला ते जमत नाही. ती खळाळत्या पाण्यातली, खड्यागोट्यांमधली.

उदगीरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक आमच्या ओळखीचे. त्यांना फोटो पाठवले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डोळ्याखाली बघितलं होतं का?" आम्ही बघितलं नव्हतं. नाव एक म्हणून मासा एक धरला.

आता पेटीविषयी. आमचा अनुभव असा की लोचसाठी उंच पेटीचा उपयोग नाही, तळ मोठा हवा. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटीत 130 लिटरच्या आसपास पाणी बसतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच 130 किलो वजन. ती टीव्हीच्या शोकेसवर ठेवू नका. तळाशी दोन बोटं बारीक वाळू, आणि ती नदीची, गोल कणांची. दुकानातले रंगीत खडे नकोत आणि बांधकामाची एम-सँडही नको. तिचे कण टोकदार असतात. आम्ही एक साधी परीक्षा करतो. ओली वाळू मुठीत घट्ट दाबायची. तळहाताला टोचली तर मुरीच्या मिशांनाही टोचणार. मुरी वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून सोडते, तेच तिचं चरणं. मिशा झिजल्या की तिला अन्न सापडत नाही. वाळू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची, बारा-पंधरा वेळा तरी. लपायला फुटका माठ, कौलाचा तुकडा, ओढ्यातले गोटे. आणि वर झाकण, पाइपच्या भोकालासुद्धा स्पंज लावून. मुरी केसाएवढ्या फटीतून निघते असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण बोटाएवढ्या फटीतून निघते हे आम्ही सकाळी फरशीवर बघितलं आहे.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. ओढ्यातली मुरी ते सहन करते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र नाही. रात्रभर उघड्या बादलीत ठेवा किंवा दुकानात हायपो मिळतो तो वापरा. आणि पेटी भरली त्याच दिवशी मासे सोडू नका. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याला रंग नाही, डोळ्यांना दिसत नाही. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर रिकामी पेटी चालू ठेवायची, रोज चिमूटभर खाद्य टाकून. मुलांना हे पटवणं सगळ्यात अवघड. शेजाऱ्यांनी येऊन "मासे कुठायत?" असं विचारलं की आम्हालाही ओशाळं व्हायचं. पुढे आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं. काढलेलं पाणी तुळशीला, गुलाबाला. स्पंज नळाखाली कधी धुवायचा नाही, काढलेल्या त्याच पाण्यात पिळायचा.

मुरी काढायची वेळ आली तर जाळी वापरू नका. डोळ्याखालचा काटा जाळीत अडकतो. आम्ही एकदा कात्रीने जाळी कापून मासा सोडवला आहे. तेव्हापासून चहाचा मोठा प्लॅस्टिक कप. खाणं संध्याकाळी, दिवे मालवल्यावर, तळाशी बसणाऱ्या बारीक गोळ्या आणि आठवड्यातून एकदा-दोनदा गांडुळाचे बारीक तुकडे. गौरीला आलेल्या पाहुण्यांची मुलं पेटीत पुरणपोळी टाकतात, त्याचा बंदोबस्त ज्याचा त्याने करावा. आणि उन्हाळ्यासाठी सेलवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा. दोन-तीनशे रुपयांची वस्तू. आमच्याकडे तो मे महिन्यातली ती दुपार झाल्यावर आला.

यापुढचा भाग थोडा वादाचा आहे. आमच्या दोघांतसुद्धा तो वाद झाला.

घरातल्या पेटीसाठी सर्वांत शोभिवंत आणि शांत लोच म्हणाल तर झेब्रा लोच. पिवळसर अंगावर शाईच्या बारीक रेघा, सहा-आठ जणांच्या टोळीत राहतो, तीन-साडेतीन इंचांपेक्षा वाढत नाही. 1920 साली नारायण राव यांनी शिमोग्याकडच्या तुंगेतल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं. हा मासा फक्त पश्चिम घाटातल्या नद्यांतला, जगात दुसरीकडे कुठे नाही. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे, आणि दुकानात येणारे बहुतेक नदीतूनच धरलेले असतात. थोरलीला तो हवा होता. आमच्यापैकी एकाचं म्हणणं, चार मासे आणले तर काय बिघडतं. दुसऱ्याचं म्हणणं, प्रत्येक घर चारच आणतं. शेवटी आणला नाही. थोरली अजून अधूनमधून ऐकवते, "परदेशातल्या लोकांच्या पेटीत आहे, आपल्याकडे नाही." तिचं अगदीच चूक आहे असं आम्हाला म्हणवत नाही.

दुसरा वाद ओढ्यातल्या मुऱ्यांचा. झिपर गेल्यावर धाकटा म्हणाला, "राहिलेल्या दोन ओढ्यात सोडून येऊ." आम्हाला बरं वाटलं, शहाणपणाचं बोलतोय. प्राध्यापकांनी नको म्हटलं. कारण मधल्या काळात त्या पेटीत दुकानातले गप्पी आले होते, आणि दुकानातला रोग, ज्यात आमचे पहिले चार गेले तसा, ओढ्यात गेला तर तिथल्या माशांना औषध कोण देणार? तेव्हापासून दोन पेट्या आहेत. एकीत दुकानचे, एकीत फक्त ओढ्याचे, आणि दोन्हींचे कप, नळ्या, बादल्या वेगळ्या. ओढ्याच्या पेटीत चार-पाचांपेक्षा जास्त आणत नाही, आणि पावसाळ्यात आणलेल्या हिवाळ्यात त्याच डोहात परत जातात.

सकरविषयी म्हणालो होतो ते इथेच सांगतो. तो दोन इंचांचा आणतात, दीड फुटाचा होतो, मग कंटाळून तळ्यात सोडतात. देवाच्या तळ्यात सोडलं की पुण्य, असंही काहींना वाटतं. देशातल्या कितीतरी तळ्यांत आणि नद्यांत तो आता माजला आहे. भोयांची जाळी फाडतो आणि खायला कोणी घेत नाही. करंजा धरण आपल्या तालुक्यात, ब्याळहळ्ळीला आहे. नको झालेला मासा तिथे सोडू नका. दुकानात परत द्या, कोणाला तरी द्या. ज्यांना शक्य आहे त्यांनी आणूच नका.

विसर्जनाविषयी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण मांडवात उभं राहून टाळणंही बरं दिसत नाही. प्लॅस्टरची मूर्ती आणि तिचा रंग तळाशी जाऊन बसतो, हे आता सगळे जाणतात, म्हणून आपल्या मंडळाची मूर्ती शाडूची असते. पण शाडूसुद्धा माती आहे. ओढ्याच्या एकाच लहान डोहात पन्नास मूर्ती विरघळल्या की तो बारीक गाळ वाळूच्या आणि गोट्यांच्या फटींत बसतो, आणि झिपरला राहायला नेमक्या त्याच फटी लागतात. आम्ही घरचा गणपती गेली चार वर्षं बादलीत विसर्जित करतो. ती माती पुढे कुंड्यांत जाते. आत्याबाईंना आधी ते आवडलं नव्हतं. "बाप्पाला बादलीत बुडवता व्हय?" म्हणाल्या होत्या.

त्यांचीच एक गोष्ट राहिली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. बीडच्या बालाघाटातून येणारी आपली मांजरा कोरडी पडली होती. मुलांनी परवा आत्याबाईंना विचारलं, "मग तेव्हा मुऱ्या कुठं गेल्या होत्या?" त्या म्हणाल्या, "वाळूत. खाली ओल असती. वरून कोरडं दिसलं तरी दोन हात खाली ओल असती." काट्याची मुरी ओल्या वाळूत शिरून तग धरते, हे प्राध्यापकांनीही सांगितलं. मग धाकट्याने विचारलं, "आणि वाळूच नेली तर?" आत्याबाई काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही, कारण आमच्या नव्या घराच्या स्लॅबमध्ये मांजऱ्याची आठ ट्रॅक्टर वाळू आहे आणि ती कुठून, कशी आली हे आम्ही तेव्हा विचारलं नव्हतं.

प्रश्न असतील तर आरतीनंतर विचारा, आम्ही प्रसादाच्या टेबलापाशी आहोत. पेटी बघायची असेल तर घरी या, पण संध्याकाळी सातनंतर या आणि आत आल्या आल्या दिवा लावू नका. उजेडात मुऱ्या वाळूत असतात, नुसते डोळे वर. अंधार पडला की पाच मिनिटांत एकेक बाहेर येते. आत्याबाई सध्या आमच्याकडेच आहेत. पेटीसमोरची खुर्ची त्यांची आहे, तेवढी सोडून कुठेही बसा.